अबोल घरातली फुगाबाई

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, आणि बहुधा तिथंच राहिलं. घरी, गल्लीत, पुढे कामावरसुद्धा ती फुगाबाईच. हे नाव ठेवलं तिच्या दादाने, ती चार वर्षांची असताना. त्यांचे वडील बस चालवायचे. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी दादाला ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवून अख्खी फेरी मारून आणली. ही झोपलेली होती म्हणून हिला उठवलं नाही. उठल्यावर तिला ते कळलं, आणि ती गाल फुगवून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जी बसली ती संध्याकाळपर्यंत. रडली नाही, ओरडली नाही, कुणी काही विचारलं तर मान फिरवायची. दादा म्हणाला, "आता हिला दोरा बांधा, नाहीतर उडून जाईल."

त्या घरात तिच्या रुसव्याला मान होता. जिन्यावर बसली असेल तर तासाभराचं काम, कपाटामागे गेली असेल तर जेवणापर्यंत, आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली असेल तर प्रकरण गंभीर, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. आई म्हणायची, लाडावून ठेवलीय नुसती. पण समजूत काढायची पाळी दादाची. तो शेजारी जाऊन पाठीला पाठ लावून बसायचा आणि समोरच्या भिंतीशी बोलायचा. "इथं एक मुलगी राहायची बुवा. कुठं गेली कोण जाणे. स्वभावाने बरी होती, नाक तेवढं जरा मोठं होतं." नाकापर्यंत आलं की तिची पाठ हलायला लागायची, आणि ती हलली हे दादाला त्याच्या पाठीवर कळायचं.

फुगाबाईला ना बाहुली हवी असायची, ना खाऊ. तिला एवढंच हवं असायचं, की आपल्याला कुठं लागलंय हे आपण न सांगता कुणीतरी शोधून काढावं. सांगून मिळालं तर त्यात काय राहिलं, असं तिचं ठाम मत होतं. आणि त्या घरात ते चालून गेलं, कारण शोधणारा हजर होता.

शिक्षण संपल्यावर ती एका फोटोफ्रेमच्या दुकानात कामाला लागली. लाकडी पट्टी तिरकी कापायची, चार कोपरे असे जुळवायचे की नख अडकता कामा नये, मागे पुठ्ठा, पुढे काच. हात चांगला होता तिचा. दुकानात काच पुरवायला एक तरुण यायचा. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचा छातीशी धरून तो यायचा, टेबलावर अलगद टेकवायचा आणि माप दोनदा सांगायचा. "दहा बाय बारा. दहा बाय बारा." मग तिने ते तिसऱ्यांदा म्हणायचं, की माप पक्कं. याच्यापलीकडे तो बोलायचा नाही. पण त्याला कधी घाई नसायची, आणि तिने जोडलेला कोपरा तो जाता जाता अंगठ्याने चाचपून बघायचा, ते तिला आवडायचं.

असं दोन वर्षं चाललं. एक दिवस त्याने काचा ठेवल्या आणि म्हणाला, "लग्न करशील? लग्न करशील?" तिने सवयीने तिसऱ्यांदा म्हटलं, "लग्न करशील." मग दोघंही कानापर्यंत लाल झाली, आणि दुकानाचा मालक हसू दाबत मागच्या खोलीत निघून गेला.

सासरी माणसं दोनच, काचवाला आणि त्याचे वडील. सासूबाई बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेल्या. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, मध्ये एक पडदा. दुकानात एक भलंमोठं टेबल, त्यावर जाड कांबळं अंथरलेलं, भिंतीला टेकवून उभ्या काचा, आणि चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली मापंच मापं. बापलेक दोघंही मूग गिळून बसलेले. सकाळी एकाने म्हणायचं, "चहा?" दुसऱ्याने म्हणायचं, "हं." की दुपारपर्यंतची बेगमी झाली. फुगाबाईला आधी वाटलं, यांचं भांडण आहे. मग हळूहळू लक्षात आलं, की दोघांचं फार चांगलं आहे. त्या घरात शांतता म्हणजे सगळं ठीक. आवाज झाला तर काच फुटली.

अशा घरात रुसायचं म्हणजे पाण्यात उभं राहून घाम दाखवण्यासारखं होतं. पण हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

लग्नाला दीड महिना झाला असेल. तिने स्वतःच्या हाताने एक फ्रेम केली होती, त्यात दोघांचा लग्नातला फोटो लावला होता आणि आतल्या खोलीत पलंगासमोर टांगला होता. एका मंगळवारी ती बाजारातून परतली, तर फोटो जागेवर, फ्रेम जागेवर, काच गायब. झालं असं होतं, की एका म्हातारबाईंना घाईने काच हवी होती. मापाची काच शिल्लक नव्हती. काचवाल्याला आठवलं, की तंतोतंत तेवढीच, त्याच जाडीची काच आत भिंतीवर आहे. त्याने ती काढली, पुसली, देऊन टाकली. कामाला लागला आणि विसरला.

फुगाबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. घर जरी नवं असलं तरी भिंत ती भिंत.

काचवाला आत आला, त्याने बघितलं, तिच्या अंगावर चादर घातली आणि पावलांचा आवाज न करता बाहेर गेला. त्याला वाटलं, दमली.

बुधवारी तिने भांडी आपटली. त्याने संध्याकाळी येताना हलक्या वजनाचं पातेलं आणलं. म्हणाला, जुनं जड होतं, मनगट दुखत असेल. तिने जेवणाला नाही म्हटलं. तो म्हणाला, "बरं," आणि तिचं ताट नीट झाकून ठेवलं. मग तिने शेवटचं अस्त्र काढलं. 'तू' सोडलं आणि 'तुम्ही' धरलं. "तुमचा चहा ठेवलाय." "तुम्हाला कुणीतरी बोलावतंय." माहेरी तिने आईला 'तुम्ही' म्हटलं की आईच्या काळजात चर्र व्हायचं. इथं काचवाला ताठ बसला. दुकानात बापाला म्हणाला, "चांगल्या वळणाची आहे. आता मान देऊन बोलते." आणि पुढे म्हणाला, "स्वभावही शांत आहे." तीन वाक्यं म्हणजे त्या घरात भाषणच. ते पडद्याआडून फुगाबाईने ऐकलं, आणि रडावं की पडदा फाडावा तिला कळेना.

गुरुवारी दुपारी तिने दादाला फोन केला. सगळं ऐकून दादा इतका हसला की तिने फोन कानापासून लांब धरला. मग म्हणाला, "अगं, तू त्याला पत्रावर पत्रं पाठवतेयस आणि त्याला तुझं अक्षरच लागत नाही. मी येऊ का पाठीला पाठ लावून बसायला?" ती नको म्हणाली. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, की समजूत काढताना तो निम्म्या वेळा अंदाजपंचे बोलायचा, तिला कशाने लागलंय ते त्याला कळलेलंच नसायचं. हे ऐकून तिला चांगलाच धक्का बसला.

फोन ठेवून ती वळली तर दारात सासरे उभे. हातात फ्रेम. त्यांनी त्यात नवी काच बसवली होती आणि तिच्या कडा पुसत होते. त्यांनी फ्रेम खिळ्याला लावली, सरळ झाली का ते मान तिरकी करून बघितलं आणि भिंतीकडेच बघत बोलले.

"तुझी सासू चार-चार दिवस बोलायची नाही. मला वाटायचं, काय घर आहे आपलं, कुणाची कटकट नाही. ती गेल्यावर तिच्या बहिणीने सांगितलं, ती रुसलेली असायची." त्यांनी फ्रेमची कड पुन्हा एकदा पुसली. "मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विचारलं असतं. तो माझ्यावर गेलाय. त्याला सांग."

एवढं बोलून ते दुकानात गेले. फुगाबाई बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली. काचेत पलंग दिसत होता, खिडकी दिसत होती, आणि फुगलेले गाल घेऊन ती स्वतः दिसत होती. जी बाई तिने कधी बघितली नव्हती, ती याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडत असणार, आणि बाहेर एक भला माणूस घर शांत आहे म्हणून खूश होत असणार. तिने पदराने तोंड पुसलं आणि पडदा बाजूला सारून दुकानात गेली.

"मी रुसलेय," ती म्हणाली. हे शब्द तिने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने उच्चारले होते.

काचवाल्याने कानावरची पेन्सिल काढली. "कधीपासून?"

"मंगळवारपासून."

तो विचारात पडला. "म्हणजे ती भांडी?"

"मुद्दाम."

"आणि जेवली नाहीस ते?"

"मुद्दाम. नंतर सगळं खाल्लं. पण आधी मुद्दाम."

"मग 'तुम्ही' म्हणत होतीस ते?"

"रागाने."

त्याचा चेहरा पडला. "मला आवडलं होतं," तो म्हणाला.

तिला हसू फुटलं. आवरेना. मग तिने काचेचं सांगितलं, आणि सांगताना परत डोळे भरले. त्याने मात्र सबब सांगितली नाही, की एका काचेचं एवढं काय, असंही म्हणाला नाही. माप चुकल्यावर जसा तो गप्प उभा राहायचा तसा उभा राहिला. मग म्हणाला, "मला तिथं फक्त काच दिसली. फोटो दिसला नाही." आणि भिंतीवर, मापांच्या गर्दीत, एका कोपऱ्यात त्याने पेन्सिलने लिहून ठेवलं: तुम्ही म्हणजे राग. खाली लिहिलं: भिंतीकडे तोंड म्हणजे झोप नाही.

तिथून पुढे सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. काचवाला शिकायला लागला तो शाळेतल्या हुशार मुलासारखा, म्हणजे अति. ती सुईत दोरा ओवताना गप्प बसली तरी याचं आपलं, "रुसलीस का?" दाढ दुखत होती तेव्हा दिवसातून आठ वेळा विचारलं. शेवटी ती त्याच्या विचारण्यावरच रुसली, आणि ते ओळखायला त्याला अर्धा दिवस लागला. हळूहळू त्याला त्याची पद्धत सापडली. एकदाच विचारायचं. उत्तर नाही आलं तर उठून जायचं नाही आणि खोदून खोदून विचारायचंही नाही. जवळच बसून हातातलं बारीक काम करत राहायचं, कडा घासायच्या, काच बसवायची पुट्टी मळायची. ती कधीही बोलली तरी ऐकू येईल एवढ्या अंतरावर. फुगाबाईला कळलं, की आपल्याला न सांगता ओळखणारा माणूस नाही मिळाला, पण न कंटाळता थांबणारा मिळालाय. तीही बदलली. तीन दिवसांचा मुक्काम एका दिवसावर आला, मग दुपारपुरता. रुसणं काही सुटलं नाही. नाकावरचा तीळ सुटतो का?

सासऱ्यांचा खांदा आखडला तेव्हा ती दुकानात उतरली. मोठी काच दोघांनी धरून न्यायची म्हणजे सारखं बोलावं लागतं. उचल, थांब, पायरी, डावीकडे, टेकव. पुढच्याला मागचं दिसत नाही आणि मागच्याला पुढचं. एकदा तिसऱ्या मजल्यावर काच पोचवायची होती आणि नेमकी सकाळी तिचं बिनसलं होतं. कामात कुचराई तिच्या रक्तात नाही. तिने काच उचलली आणि एकेक शब्द मोजून टाकला. "उचला. पायरी आहे. थांबा. आपला कोपरा जरा वर घ्या." पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ दार उघडून बघत होते. बायकोला म्हणाले, किती अदबीने बोलतात बघ एकमेकांशी. हे दोघांनाही ऐकू गेलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत दोघांनी दम धरला. मग काच थरथरायला लागली. ती भिंतीला टेकवून ठेवून दोघं पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

अशी पंधरा वर्षं गेली. फुगाबाईच्या मापाला दुकानात तोड राहिली नाही. गिऱ्हाइकं तिलाच विचारायला लागली. बोलायला ती, मापाला ती, आणि कापायला तो.

मग शाळेचं काम आलं. जिन्याच्या वळणावर एक गोल खिडकी, चार फुटांची, तिची काच तडकलेली. जाड काच गोल कापणं हे सरळ कापण्यासारखं नाही. फुगाबाईने तीन वेळा जाऊन माप घेतलं आणि दोन दिवस माहेरी गेली. परत आली तेव्हा काच तयार होती. सोमवारी दोघांनी ती बसवली. इतकी बेमालूम बसली की जिना उजळून निघाला. मुख्याध्यापिका बाई स्वतः बघायला आल्या, चार शिक्षकांना बोलावून आणलं, चहा मागवला. फुगाबाई रंगात आली. मी माप कसं घेतलं, दोऱ्याने कसं पडताळलं, चौकट एका बाजूने दबलेली मी कशी ओळखली. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. काचवाला मागे उभा होता, हातात पुसायची चिंधी घेऊन.

बुधवारी सकाळी त्याने तिच्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर माप लिहिलेलं. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. पंधरा वर्षांत या माणसाने माप कधी चिठ्ठीवर दिलं नव्हतं. दोनदा बोलायचा आणि तिच्या तिसऱ्या वेळेची वाट बघायचा. तिने आठवून बघितलं. कालही तो एकदाच बोलला होता. परवा घरी येताना तर काहीच नाही. पण मुळात बोलत नसलेल्या माणसाचं न बोलणं ओळखायचं कसं? स्वतःला त्यातली जाणकार समजणाऱ्या फुगाबाईला दोन दिवस पत्ता लागला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद होता. हा पण रुसतो. म्हणजे आपण एकट्याच नाही.

तिने आधी दादाची युक्ती करून बघितली. तो स्टुलावर बसून कडा घासत होता. ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसली आणि भिंतीला म्हणाली, "इथं एक काचवाला राहायचा बुवा."

"पाठ दुखतेय का?" त्याने विचारलं. "लेप लावून देऊ?"

ती उठली, त्याच्यासमोर जाऊन बसली. "रुसलायस का?"

"छे. मी रुसत नाही."

"मग काय झालंय?"

तो बराच वेळ कड घासत राहिला. घासायचं काही उरलं नव्हतं तरी घासत राहिला. "माहीत नाही," तो म्हणाला. "घशाशी काहीतरी आलंय. सोमवारपासून."

सोमवार म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर तो जिना आला, चहाचे कप आले, आणि मागे चिंधी घेऊन उभा असलेला तो. तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तू कधी तोंड उघडत नाहीस, कुणीतरी बोलायला नको का? चांगलं बिनतोड उत्तर होतं. पण भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला बिनतोड उत्तराचा काय उपयोग होतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने ते गिळलं.

"मी तुझं काहीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "सगळं मी, मी, मी. गोल तर तू कापलास."

त्याने मान हलवली. होय म्हणून की जाऊ दे म्हणून ते कळलं नाही, पण हातातला घासायचा दगड त्याने खाली ठेवला. ती म्हणाली, आत्ता शाळेत जाते आणि सांगून येते. तो घाबरलाच. नको नको म्हणत उभा राहिला. त्या बाईंना कळून काय करायचंय, म्हणाला. मग खाली बघून पुढचं बोलला.

"तू पण नाही विचारलंस, कसा कापला."

फुगाबाईला हसू आलं. एवढंच होतं तर ते. तिने दुसरं स्टूल ओढलं, कोपर टेबलावर टेकवलं. "सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. कसा कापलास?"

आणि काचवाला बोलायला लागला. काच कांबळ्यावर कशी आडवी घातली, मधोमध रबरी पकड बसवून तिला कापायचा दांडा कसा जोडला. एकदा दांड्याच्या टोकाचं चाक काचेवर टेकवलं की उचलायचं नाही, पूर्ण गोल एका दमात, म्हणून टेबलाभोवतीची स्टुलं, डबे, सगळं आधी हलवून वाट केली आणि नुसत्या पायांनी तीन फेऱ्या मारून बघितल्या. तो उठून फेरी मारूनच दाखवायला लागला. पाऊण गोल झाला आणि नाकावर माशी बसली. हात सोडता येईना. फुंकर मारली तर हात हलणार. तशीच माशी नाकावर घेऊन उरलेला पाव गोल पुरा केला. माशी कुठून कुठं चालली तेही त्याने सांगितलं. फुगाबाई हसून टेबलावर आडवी झाली. तिने त्याला इतकं बोलताना उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग काच उलटी करून तडा कसा बोटाबोटाने पुढे नेला, कान लावून कसा ऐकला, ते आलं. तडा पुढे सरकताना बारीक आवाज येतो म्हणे, थंडीत कुणी बोटं मोडावीत तसा.

पडदा हलला. सासरे मागच्या खोलीतून आले, तिसरं स्टूल घेऊन बसले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पंखा कुणी बंद केला ते सांग."

काचवाला थांबला. "बाबांनी बंद केला," तो म्हणाला.

"सांगितलं नव्हतंस. मला आपणहून सुचलं. वाऱ्याने कांबळ्याची कड उडत होती."

"बाबा, तुम्हीसुद्धा?" फुगाबाई म्हणाली. सासरे मिशीत हसले. तिने त्यांना विचारलं, पंख्याचं नीट सांगा. तर तेही सुरू झाले, आणि बटण कोणतं होतं यावरून बापलेकांची जुंपली.

तेवढ्यात दुकानाच्या दारात कुणीतरी खाकरलं. तुटक्या आरशाचं गाठोडं काखेत धरून एक गिऱ्हाईक उभं होतं. फुगाबाई उठून पुढे गेली. आरसा ठेवून घेतला, माप बघितलं. ते गृहस्थ म्हणाले, काचवाल्यांनाच दोन शब्द विचारायचे होते, कापायचं कसं ते.

"पाऊण तासाने या," ती म्हणाली. "आत ते बोलतायत."